घरचं दाढीचं तेल आणि विकतची बाटली

मी दाढीला आणि केसांना घरीच केलेलं तेल लावतो. कृती साधी आहे. निम्मं खोबरेल, निम्मं बदामाचं, असं ३० मिली तेल घ्यायचं. त्यात रोझमेरी किंवा लॅव्हेंडरच्या इसेन्शियल ऑइलचे सहा थेंब टाकायचे. हे साधारण १ टक्का होतं, चेहऱ्याला तेवढं पुष्कळ. ते नुसतं कातडीवर चोळायचं नाही, आग होते, पुरळ उठतं. आधी हातावर थोडं लावून एक दिवस बघायचं. बाटली पोरांच्या हाती लागू द्यायची नाही.

घरापुरतं हे ठीक. पण हल्ली अशाच बाटल्या व्हॉट्सॲपवर विकल्या जातात, 'महिन्यात टक्कल गायब' म्हणून. त्यावर ना घटक, ना बॅच नंबर, ना मुदत. मंडळी, विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे परवाना लागतो. आणि औषध म्हणून टक्कल बरं करण्याचा दावा करायला १९४५ च्या औषध नियमांतल्या शेड्यूल 'जे'नुसार मनाईच आहे.

बनवणाऱ्या बऱ्याचदा बचत गटातल्या आपल्याच ताया असतात. त्यांना तेल करायला शिकवलं जातं, परवान्याचं मात्र राहून जातं. उद्या कुणाचा चेहरा सुजला, तर तक्रार त्यांच्याच नावावर. शिकवणाऱ्यांनी कृतीसोबत परवान्याचा अर्जही भरून घ्यावा, एवढीच मागणी.

आणि तुमच्या घरातल्या बाटलीवर काय लिहिलंय, ते आज वाचाच.