उंचावरच्या बिया

चिनी वनस्पतिशास्त्रज्ञ झोंग यांग मुळात रेडिओ इलेक्ट्रॉनिक्सचे. जन्म १९६४ चा. पंधराव्या वर्षी, १९७९ मध्ये, चीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातल्या हुशार मुलांसाठीच्या खास वर्गात त्यांना प्रवेश मिळाला. १९८४ मध्ये नोकरी लागली ती मात्र वुहानच्या वनस्पतिशास्त्र संस्थेत. संगणकात मुरलेला हा तरुण तिथे झाडापानांचं शास्त्र पहिल्यापासून शिकला. पुढे जनुकसंचाची कोट्यवधी अक्षरं एकमेकांशी ताडून पाहायचे दिवस आले, तेव्हा दोन्ही विद्या त्यांच्या हाताशी होत्या. २००० साली ते शांघायच्या फुदान विद्यापीठात प्राध्यापक झाले, २००१ पासून बिया गोळा करायला तिबेटला जाऊ लागले आणि अखेरपर्यंत जात राहिले.

*

बिया वेचण्याचा त्यांचा हिशेब असा. एका नमुन्याला ५,००० बिया. जात दुर्मीळ असेल तर ५०० चालतील. एकाच जातीचे दोन नमुने किमान ५० किलोमीटर अंतरावरचे हवेत. शेजारशेजारच्या झाडांच्या बिया घेतल्या तर सगळे भाऊबंदच हाती लागतात आणि त्या जातीत जनुकांची विविधता किती आहे, ते कळत नाही. म्हणून दिवसभर गाडी हाकायची, थांबायचं, वेचायचं, पुन्हा निघायचं. हवेत प्राणवायू कमी, श्वास पुरत नाही, आणि काम तर वाकून करायचं.

तिबेटी जंगली पीचची तऱ्हा आणखी वेगळी. त्याची बी म्हणजे कोय, आणि कोय मोकळी करायची तर फळ खाणं हाच सोपा उपाय. विद्यार्थी, सहकारी, सगळ्यांनी मिळून ती आंबट फळं संपवली. मग एकेक कोय टूथब्रशने घासायची, फडक्याने पुसायची, वाळवायची. अशा हजारो कोयी.

१६ वर्षांत ४ कोटी बिया आणि १,००० हून अधिक जाती. हा आकडा ऐकला की मला आधी तो टूथब्रश दिसतो. जनुकशास्त्राची बातमी वाचताना आपल्या डोळ्यांसमोर चकचकीत यंत्रं येतात, पण यंत्रात घालायला काही हवं असेल तर कुणीतरी आधी चार हजार मीटरवर जाऊन ते वेचून आणावं लागतं.

*

वेचलेल्या बिया टिकवायलाही हव्यात. आपल्याकडे लडाखमध्ये चांग ला खिंडीजवळ, सुमारे १७,३०० फुटांवर, २०१० पासून बियाण्यांची बँक आहे. तिथली जमीन बारमाही गोठलेली, त्यामुळे थंडावा फुकट मिळतो. वाळवलेलं बी थंडीत ठेवलं तर पुष्कळ जातींत ते दशकानुदशकं जिवंत राहतं.

*

अरॅबिडोप्सिस थॅलियाना हे मोहरीच्या कुळातलं टीचभर तण. खायला नाही, शोभेलाही नाही. पण सहा आठवड्यांत बी ते बी असा फेरा पुरा करतं आणि त्याचा जनुकसंच लहान आहे, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी ते आपलंसं केलं. वनस्पतींमध्ये संपूर्ण जनुकसंच पहिल्यांदा वाचला गेला तो याचाच, २००० साली. साहजिकच झोंग यांग यांना प्रश्न पडला, की हे तण तिबेटच्या पठारावर असेल का? असेल तर सखल भागातल्या नात्यातल्या झाडांशी ते अक्षर-अक्षर ताडून पाहता येईल. उंचीने काय बदललं, ते थेट दिसेल.

दोन विद्यार्थी त्याच्या मागे लागले. २०१३ मध्ये चार हजार मीटरच्या वर त्यांना ते सापडलं. जनुकं तपासल्यावर दिसलं, की हा तिबेटी गट बाकीच्यांपासून फार पूर्वी वेगळा झालेला आहे, म्हणजे एक जुनी शाखाच. शोधनिबंध २०१७ मध्ये आला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला, अंतर्गत मंगोलियात एका व्याख्यानानंतर प्रवासात असताना, झोंग यांग अपघातात गेले. वय ५३.

दोनच वर्षं आधी त्यांना मेंदूतल्या रक्तस्रावाचा झटका आला होता. त्यानंतरही ते तिबेटला गेले. मला याचं कौतुकही वाटतं आणि वाईटही वाटतं. थांबले असते तर बरं झालं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

*

क्रुसिहिमालया हिमालयिका. हीसुद्धा अरॅबिडोप्सिसचीच नातलग, हिमालयात आणि तिबेटात वाढणारी. तिचा जनुकसंच २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या कामात तिबेट विद्यापीठातले शास्त्रज्ञही होते. निष्कर्ष वाचून मी बराच वेळ त्यावरच विचार करत होतो.

उंचावर अतिनील किरणांचा मारा जास्त. त्याने डीएनए बिघडतो. या वनस्पतीत डीएनए सांधणाऱ्या काही जनुकांवर निवडीचा ठसा स्पष्ट दिसतो. हे अपेक्षितच. दुसरी गोष्ट मात्र मला नवी होती. रोगांशी लढणारी पुष्कळ जनुकं तिने गमावली आहेत. थंड, कोरड्या, विरळ हवेत बुरशी आणि जंतू कमी, मग ती फौज पोसायची कशाला? तिसरी गोष्ट म्हणजे स्वतःचाच पराग नाकारण्याची यंत्रणा तिच्यात मोडून पडली आहे. जिथे कीटक क्वचित फिरकतात, तिथे स्वतःच्या परागावर बी धरता येणं हाच तरणोपाय.

उत्क्रांती म्हणजे नवनवीन गुणांची भर, अशी आपली शाळेपासूनची समजूत असते. इथे टाकून देणं हेच जुळवून घेणं आहे. पण उद्या हवा तापली आणि खालचे रोग वर सरकले, तर टाकलेली जनुकं परत कुठून आणायची?

*

एव्हरेस्टच्या उत्तर उतारावर ६,१०० मीटरच्या वर झोंग यांग यांच्या चमूने सॉसुरियाची एक जात गोळा केली. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ याच प्रजातीतलं. ही जात मात्र जमिनीलगत चेपून बसलेली, पांढुरक्या लवीत गुरफटलेली. लडाखमध्ये ६,१५० मीटरवरही फुलझाडांची नोंद झालेली आहे. त्याच्या वर बहुतेक दगड, बर्फ आणि वारा.

*

सिक्कीममध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांना १८४९ च्या सुमारास दिसलेलं ऱ्हियम नोबिले. रेवंदचिनीचं नातलग. उघड्याबोडक्या उतारावर माणसाहून उंच वाढू शकणारा फिकट पिवळा मनोरा, मैलभरावरूनही नजरेत भरणारा. तो पिवळेपणा पानांसारख्या पातळ छदांचा. छदांतून उजेड आणि ऊब आत येते, अतिनील किरण बरेचसे अडतात, फुलं आत सुखरूप राहतात. झाड वर्षानुवर्षं तयारी करतं, एकदाच फुलतं, बी धरतं आणि मरतं.

*

फ्रिटिलारिया डेलावाई. हेंगदुआन पर्वतरांगांतल्या दगडगोट्यांच्या उतारांवर उगवणारी लहानशी वनस्पती. खाली कंद, वर मोजकी पानं, आणि पाचव्या वर्षापासून वर्षाला एक फूल. तिचा कंद चिनी वैद्यकात खोकल्यावर देतात, दोन हजार वर्षांपासून.

काही ठिकाणी तिची पानं हिरवीगार आहेत. काही ठिकाणी राखाडी, तपकिरी, अगदी आजूबाजूच्या दगडांसारखी. कुन्मिंग वनस्पतिशास्त्र संस्थेचे न्यू यांग, सुन हांग आणि इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाचे मार्टिन स्टीव्हन्स यांनी याचं कारण शोधलं. आधी पाहिलं, कुणी प्राणी ती खातो का. चावल्याच्या खुणा नाहीत. मग गावकऱ्यांकडून, कुठल्या जागी किती कंद निघतो आणि तो खणायला किती सोपा, याची माहिती घेतली. जिथे खणणं जास्त, तिथेच रंग दगडाशी जास्त मिळताजुळता. संगणकाच्या पडद्यावर लोकांना ती वनस्पती शोधायला लावली, तर दगडी रंगाची शोधायला जास्त वेळ लागला. हे काम २०२० मध्ये जाहीर झालं.

म्हणजे माणसाला दिसतं ते उपटलं जातं, न दिसणारं बी धरतं. माणूस निवड करत होता आणि त्याच्या ते गावीही नव्हतं.

*

माणसाच्या अशाच निवडीचा आधीचा एक पुरावा, २००५ चा. सॉसुरिया लॅनिसेप्स या औषधी हिमकमळाची उंची शंभरेक वर्षांत कमी झालेली आढळली. वनस्पतिसंग्रहालयातले जुने वाळवलेले नमुने आणि आजची झाडं शेजारी ठेवून हे मोजलं. सगळ्यांत उंच रोप आधी तोडलं जातं, त्याचं बी पडत नाही. त्याची कमी तोडली जाणारी बहीण, सॉसुरिया मेडुसा, तशी खुजी झालेली नाही.

*

जटामांसी हिमालयात साधारण तीन ते पाच हजार मीटरवर वाढते. मुळासकट उपटल्याशिवाय तिचा उपयोग नाही. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ती अतिसंकटग्रस्त आहे. तिची गिऱ्हाईकं आपणही आहोत. पुण्या-मुंबईच्या काष्ठौषधींच्या दुकानांत ती सहज मिळते, केसांच्या तेलांत आणि कितीतरी आयुर्वेदिक औषधांत असते. कुटकीचंही तेच. तेव्हा पुढच्या वेळी जटामांसी किंवा कुटकी घ्याल, तेव्हा ती लागवडीची आहे की रानातून उपटलेली, एवढं दुकानदाराला जरूर विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर घेऊ नका.