आलापल्लीहून लंडनला: एका कवटीच्या शोधात

१/ लंडनसाठी माझ्याकडे तीन दिवस होते. टॉवर, वेस्टमिन्स्टर ॲबी, ब्रिटिश म्युझियम दोन दिवसांत पाहिले. तिसरा दिवस मात्र आलापल्लीहून निघतानाच नॅचरल हिस्ट्री म्युझियमसाठी राखून ठेवला होता. त्या संग्रहात आमच्या चंद्रपूरची एक कवटी आहे.

२/ स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले. धर्मप्रचार आणि शाळा सांभाळता सांभाळता त्यांना खडकांचे वेड लागले. चंद्रपूर जिल्ह्यातील मांगली येथे सापडलेली एका प्राचीन उभयचराची कवटी लंडनला पोहोचली. 'डायनोसॉर' हा शब्द घडवणाऱ्या रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव ठेवले ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. वय सुमारे २५ कोटी वर्षे.

३/ काळ लक्षात घ्या. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. राज्य आणि कवटी, दोन्ही एकाच सुमारास इंग्रजांच्या दफ्तरी जमा झाली.

४/ संग्रहालयाची इमारत १८८१ मध्ये खुली झाली. ओवेन यांच्या इच्छेनुसार पश्चिमेच्या भिंतींवर हयात प्राण्यांची आणि पूर्वेच्या भिंतींवर लुप्त प्राण्यांची मातीची शिल्पे आहेत. मी पूर्वेकडे बराच वेळ रेंगाळलो. दालने पालथी घातली, पण कवटी दिसली नाही. तेथील कोट्यवधी नमुन्यांपैकी बहुतेक कपाटांतच असतात.

५/ वाईट वाटले, रागही आला. मग स्वतःलाच विचारले: मांगलीला तरी मी कधी गेलो होतो? उत्तर देताना लाज वाटली.

६/ परतल्यावर प्रथम सिरोंचा तालुक्यातील वडधमचे जीवाश्म उद्यान पाहिले. तेथे दगड झालेली झाडे आहेत. पोचमपल्लीजवळ सापडलेला बारापासॉरस आज कोलकात्यात उभा आहे. तोही घरापासून दूरच.

७/ आलापल्लीजवळचे 'वनवैभव' मात्र जागच्या जागी राखलेले जंगल आहे. तेथे पडलेले झाडही उचलत नाहीत. जपणे म्हणजे काय, हे मला लंडनपेक्षा तेथे अधिक उमगले.

८/ म्हणून विनंती एवढीच: जीवाश्म दिसला तर छायाचित्र घ्या, जागा नोंदवा, जाणकारांना कळवा, पण खिशात घालू नका. जागेवरून हलवलेला दगड आपला अर्धा इतिहास मागेच ठेवून येतो.