कन्हानकाठचा लहान ट्रॅक्टर

शेतीकरितां ट्रॅक्टर घेतला असें सांगितलें कीं आमच्या आप्तेष्टांकडून बहुधा दोन प्रश्न येतात. पहिला, "किती अश्वशक्तीचा?" आणि दुसरा, "एवढ्याशा शेताला तो कशाला?" पहिल्याचें उत्तर चोवीस असें दिलें म्हणजे विचारणाराचा चेहरा थोडा उतरतो, कारण चाळीस-पन्नास अश्वशक्तीखालील यंत्रास ट्रॅक्टर म्हणावें कीं नाहीं ह्याविषयीं आमच्या भागांत अजून शंका आहे. दुसऱ्याचें उत्तर मात्र एका वाक्यांत देण्याजोगें नाहीं. तें सविस्तर दिल्यास सारख्याच परिस्थितींतील कांहीं कुटुंबांस उपयोगी पडेल, अशा समजुतीनें हा मजकूर लिहीत आहों.

आमची सहा एकर जमीन नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यापासून थोडी आंत, कन्हानच्या परिसरांत आहे. कन्हान नदी छिंदवाड्याच्या बाजूनें सातपुड्यांतून उतरते, वाटेंत तिला पेंच मिळते, आणि कामठीवरून ती पुढें जाते. एका अंगास कोळशाच्या खाणी, दुसऱ्या अंगास वाळूचे घाट, आणि पाठीमागून दरवर्षीं जवळ सरकणारें नागपूर शहर, अशा कोंडींत येथील शेती टिकून आहे. चार एकर काळी कन्हार कपाशी आणि तुरीखालीं, व उंचवट्यावरच्या निचऱ्याच्या दोन एकरांत संत्र्याची बाग, असा आमचा व्याप. वडिलांच्या वेळीं दोन बैलजोड्या, एक बंडी, वखर-तिफण-डवऱ्याचा सारा संच आणि एक सालगडी एवढ्यावर हें सर्व चालत असे. पुढें बैल एकामागून एक गेले. सालगड्याचा मुलगा कारखान्यांत लागला, आणि त्यानें तेथें लागावें हेंच योग्य होतें. सालगडी स्वतः आतां सत्तरीच्या घरांत असून बागेची राखण करतो, व उरलेल्या वेळांत आम्हां सर्वांस शेती शिकवितो.

तेव्हां आमच्यापुढें तीन वाटा होत्या. जमीन मक्त्यानें द्यावी. ले-आऊट पाडणाऱ्यास विकावी. किंवा स्वतः कसावी. दुसऱ्या वाटेचे दलाल आठवड्यास एक ह्या मानानें येत, आणि त्यांनीं सांगितलेला आंकडा ऐकून आमच्यापैकीं दोघांची झोंप उडत असे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. मक्त्याची वाट सोयीची खरी. पण ज्या घराण्यांनीं लेखणी सांभाळून जमिनी दुसऱ्यांकडून कसविल्या त्यांच्या जमिनींचें काय झालें, तें विदर्भाकरितां झालेल्या १९५८ सालच्या कुळकायद्यानें आमच्या आजोबांच्या पिढीस दाखविलें आहे. तो कायदा अन्यायाचा होता असें म्हणणारे वडीलधारे अजून भेटतात. आम्ही त्यांतले नाहीं. जो राबत नाहीं त्याचें सातबारावरील नांव केव्हांतरी पुसट व्हावयाचेंच. राहिली तिसरी वाट. परंतु स्वतः कसावयाची तर कोणाच्या पाठीवर, हा हिशेब आधीं करावयास पाहिजे होता. कारण आमच्या घरांत चाळिशीखालील माणूस एकच, आणि तें म्हणजे आमच्या सूनबाई.

हिशेब त्यांनींच केला. (त्या शाळेंत गणित शिकवितात.) सहा मीटर अंतरानें लावलेलीं संत्र्याचीं झाडें एकरीं एकशें दहा-बारा बसतात, दोन एकरांत सव्वादोनशें धरलीं. फळावर आलेल्या झाडास वर्षाला चाळीस किलो शेणखत धरलें तरी एकूण नऊ हजार किलो होतें. भरलेलें घमेलें सोळा किलोंचें मानलें, आणि उकिरड्यावरून बंडींत एकदां व बंडींतून झाडाच्या आळ्यांत एकदां असें दोनदां उचललें, तर अकराशेंवर घमेलीं होतात. हीं घमेलीं वर्षानुवर्षें दोन बाया डोक्यावर चुंबळ ठेवून वाहत आल्या होत्या. शेतीच्या कोणत्याही वहींत मजुरीची नोंद असते, मानेची आणि कंबरेची नसते. पुढें खताचीं पोतीं आलीं. यूरियाचें पोतें २०१८ पासून पंचेचाळीस किलोंचें झालें, पण डीएपीचें पन्नासाचेंच आहे. त्यानंतर संत्र्यांचे क्रेट, कपाशीचीं गांठोडीं, पांधणींत टाकावयाचा मुरूम, पावसाळ्यानंतर नालीतून उपसावयाचा गाळ. कागद संपत आला तेव्हां सूनबाई म्हणाल्या, "बाबा, ह्यांत नांगरणी कोठें आहे?"

खरोखरच ती फारशी नव्हती. शेतांतील कष्ट म्हणजे नांगरणी, असें शहरांतील माणसास वाटतें. वस्तुतः सहा एकरांची नांगरट वर्षाकांठीं दोन-चार दिवसांची, आणि ती भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरनें सहज होते. बाकीचें वर्ष उचलणें, वाहणें आणि खालीं ठेवणें ह्यांत जातें. म्हणून यंत्र ओढतें किती ह्याआधीं तें उचलतें किती, हा प्रश्न आम्हीं विचारावयास घेतला. आणि लोडर, म्हणजे पुढच्या दोन भुजांवरचा पंखासारखा पसरट लोखंडी सूप, हा आमच्या खरेदीचा पाया ठरला.

लहान ट्रॅक्टर ही कल्पना कांहीं आजची नाहीं. हॅरी फर्ग्युसन ह्यानें बसविलेली मागील तीन दांड्यांची जोडणी आणि हायड्रॉलिक उचल घेऊन १९३९ सालीं फोर्डचा जो हलका ट्रॅक्टर निघाला, त्यानें यंत्र जड असेल तरच काम करील हा समज मोडला. पुढें जपानांतील चिमुकल्या शेतांकरितां कुबोटानें १९६० पासून ट्रॅक्टर केले, व १९६९ मध्यें त्यांचीं लहान यंत्रें अमेरिकेंत गेलीं. तेथें शहराबाहेर चार-दोन एकर बाळगणाऱ्या घरवाल्यांस तीं इतकीं पसंत पडलीं कीं पुढें लोडर ही त्यांची नेहमींची जोड होऊन बसली. आपल्याकडे लहान ट्रॅक्टर आले ते द्राक्षबागांच्या ओळींतून फिरण्यास आणि कपाशींत आंतरमशागत करण्यास. त्यामुळें त्यांस रोटाव्हेटर व फवारणी यंत्र जोडलेलें सर्वत्र दिसतें, लोडर क्वचित्. नव्या अवजारास आपल्याकडे आधीं संशय आणि मग मान मिळतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर प्रथम बाजारांत आला तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल अशी भीति शेतकऱ्यांस वाटत असे. आमचें यंत्र दारांत उतरलें तेव्हां आमच्या सालगड्यानें त्याभोंवतीं एक फेरी मारली आणि विचारलें, "हे त बैलाहूनबी लहान दिसून राह्यलं, भाऊ. खाते किती?"

(ताशीं दीड-दोन लिटर डिझेल खातें. त्यास तें पटलें.)

निवडीचें काम चार महिने चाललें. महिंद्राचा जिवो, कुबोटाचा निओस्टार, स्वराजचे आणि राजकोटच्या कॅप्टनचे लहान नमुने, असे पुष्कळ पाहिले. महिंद्राचा ट्रॅक्टरचा कारखाना नागपुरास हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींत आहे, ह्याचा आमच्या भागांत एक प्रकारचा अभिमान आहे, व ज्यास त्यास तोच घ्या असें सांगणारे भेटतात. आम्हीं शेवटीं कोणता घेतला तें मुद्दाम लिहीत नाहीं. कारण जवळचा विक्रेता कोण आणि सुटे भाग किती दिवसांत मिळतात ह्यावर प्रत्येक गांवाचें उत्तर निराळें होईल. परंतु चारचाकी जोर असलेलाच घ्यावा, ह्याविषयीं आमचा आग्रह आहे. कन्हार जमीन पावसानंतर पाय धरते, आणि लोडरचें ओझें पुढच्या चाकांवर पडतें. त्या चाकांना स्वतःचा जोर नसेल तर तीं नांगरासारखीं जमिनींत घुसतात. दुसरी गोष्ट रुंदीची. संत्र्याच्या खालच्या फांद्यांमधून आणि बुंध्याजवळून यंत्र फिरवावयाचें असतें. बुंध्याची साल एकदां खरचटली कीं त्या जखमेंतून डिंक्या शिरतो, आणि वीस वर्षें वाढविलेलें झाड दोन-तीन वर्षांत वाळतें. मोठा ट्रॅक्टर काम लवकर उरकतो, पण त्याची किंमत अशा झाडांनीं मोजावी लागते. तिसरी गोष्ट अशी कीं, लोडर ट्रॅक्टरच्या कंपनीनें मान्य केलेला असावा. वेल्डिंगच्या दुकानांत कोणत्याही सांगाड्यास बसवून घेतलेला नसावा. तो स्वस्त पडतो, पण पुढचा आंस त्या भारासाठीं केलेला आहे कीं नाहीं हें वेल्डिंगवाल्यास ठाऊक नसतें. आम्हांस हा लोडर ट्रॅक्टरच्या किंमतीच्या चौथाईहून थोडा अधिक पडला.

एक मात्र स्पष्ट सांगितलें पाहिजे. लोडर लावलेला लहान ट्रॅक्टर म्हणजे जेसीबी नव्हे. आपल्याकडे प्रत्येक पिवळ्या यंत्रास जेसीबी म्हणतात, जसें एके काळीं प्रत्येक वनस्पती तुपास डालडा म्हणत. विहीर उतरणें, चर खणणें, उन्हाळ्यांत दगडासारखी झालेली कन्हार फोडणें हीं कामें ह्या यंत्राचीं नव्हेत. त्यांस तासाच्या भाड्याचें मोठें यंत्रच बोलवावें. आमचा सूप एका खेपेस खत घेतो सव्वाशें ते दीडशें किलो. म्हणजे तें नऊ हजार किलो साठ-सत्तर खेपांचें काम झालें.

आतां धोक्याविषयीं, कारण विक्रेता तो सांगत नाहीं. आमच्यापासून दोन शेतें पलीकडे एका गृहस्थांनीं असाच लहान ट्रॅक्टर घेतला होता. ओला मुरूम काठोकाठ भरून, सूप छातीइतका उंच धरून ते पांधणीच्या उतारावरून खालीं येत होते. मागें कांहीं जोडलेलें नव्हतें. पुढचा आंस हा तराजूचा कांटा. एका पारड्यांत मुरूम आणि दुसऱ्यांत ट्रॅक्टरचा पार्श्वभाग. पारडें झुकलें आणि मागचीं चाकें अधांतरीं झालीं. वाचकांपैकीं ज्यांनीं ट्रॅक्टर चालविला नसेल त्यांस हें कळणें अवश्य आहे कीं, बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक केवळ मागच्या चाकांवर असतात. चाकें जमिनीवर नसतील तर ब्रेक दाबला काय आणि न दाबला काय, सारखेंच. सुदैवानें खालीं बाभळींचें बेट होतें, आणि गृहस्थ खांद्याच्या हाडावर सुटले.

त्या संध्याकाळीं सूनबाईंनीं आमच्या यंत्राकरितां तीन नियम लिहिले व ते गोठ्याच्या भिंतीवर खडूनें रंगविले आहेत. मागें वजन जोडल्यावांचून लोडर उचलावयाचा नाहीं. आम्हीं सिमेंट-काँक्रीटचा एक ठोकळा ओतवून तीन दांड्यांवर बसविला आहे. भरलेला सूप गुडघ्याच्या उंचीवर ठेवूनच चालावयाचें. उतारावर चारही चाकांचा जोर लागलेला असला पाहिजे, म्हणजे इंजिनाचा आवर पुढच्या चाकांवरही राहतो. शिवाय चालकाच्या पाठीमागची लोखंडी कमान आम्हीं आग्रहानें घेतली, आणि तिच्याबरोबर आसनाचा पट्टाही. कारण कमान असून पट्टा नसेल तर माणूस कमानीच्याच खालीं यावयाचा. स्वीडन देशानें नव्या ट्रॅक्टरांवर अशी संरक्षक चौकट १९५९ पासून सक्तीची केली, आणि तेथें ट्रॅक्टर उलटून मरणाऱ्यांची संख्या पुढें फार खालीं आली. आमच्या बाजूस ही कमान फांद्यांस लागते म्हणून कापून टाकणारे लोक आहेत. बागेकरितां दुमडती कमान मिळते. ती घ्यावी आणि झाडांच्या बाहेर येतांच उभी करावी.

राहिल्या त्या दोन बाया. यंत्र आलें त्या दिवशीं त्यांतील वडील बाईनें सूनबाईंस सरळ विचारलें, "मंग आमचं काय, बाई?" प्रश्न रास्त होता आणि त्यास गोड उत्तर नव्हतें. पूर्वीं खत टाकण्याचें काम दोघींस बारा-तेरा दिवस पुरे. आतां आळ्यांत खत पसरणें आणि मातीनें झांकणें एवढेंच हातानें करावें लागतें, व तें पांच-सहा दिवसांत संपतें. उरलेले दिवस आम्हीं बागेंतील पाणसोट काढणें व फळें प्रतवार करणें ह्या कामांत भरून काढावयाचा यत्न केला. पुष्कळसे भरले, सारे भरले नाहींत. दिवसाची मजुरी वाढविली तेव्हां शेजारच्यांनीं भाव बिघडविल्याचा ठपका ठेवला. धाकटी बाई म्हणते मान दुखावयाची थांबली. वडील बाई म्हणते, मानेचें दुखणें पूर्वीं होतें आणि पैसेही होते. दोघींचें म्हणणें आम्हांस खरें वाटतें, आणि ह्या दोहोंचा मेळ आमच्या वहींत अद्याप बसलेला नाहीं.

खर्चाविषयीं थोडें. ट्रॅक्टरवरील वस्तु व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून बाराऐवजीं पांच टक्के झाला आहे, त्यामुळें पुढें घेणारास तेवढी सवलत आहे; आमची खरेदी त्यापूर्वींची. पुढचे टायर लोडरमुळें लवकर झिजतात, आणि भुजांच्या खिळ्यांस आठवड्यास वंगण द्यावें लागतें. शेजारी यंत्र मागावयास येतात तेव्हां चालक आमचा आणि मागचा ठोकळा काढावयाचा नाहीं, ह्या दोन अटींवर देतों. गेल्या वर्षीं बांधाच्या पलीकडून एक दलाल पुन्हां येऊन गेला. सूनबाई त्या वेळीं पांधणींत मुरूम पसरीत होत्या. त्यानें हात हलविला, त्यांस इंजिनाच्या आवाजांत ऐकूं आलें नाहीं, व तो थोडा वेळ थांबून गेला.

मृगाचा बहार धरावयाचा तर मे महिन्यांत बागेस ताण द्यावा लागतो, आणि पहिल्या पावसाआधीं खत आळ्यांत पडलें पाहिजे. ह्या वर्षीं अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशीं उकिरडा उपसावयास घेणार आहों. दोन्ही बायांस तसें सांगून ठेविलें आहे.