स्फटिकाची साक्ष

फराळाच्या ताटात काजूकतली आली की मी ती आधी खात नाही; तिच्यावरच्या वर्खाकडे पाहत बसतो. फुंकरीसरशी थरथरणारा तो चांदीचा पापुद्रा पाहून मनात येते, याची जाडी किती असेल? "अहो, दिवाळीत तरी प्रयोगशाळा उंबऱ्याबाहेर ठेवा!" ही म्हणते.

पण पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत वर्खाहूनही पातळ थर चढवण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याचे हे खूळ जावे कसे?

आमच्या थरांना पट्टी लावता येत नाही. हवा काढून टाकलेल्या भांड्यात आम्ही धातू तापवतो. त्याची वाफ काचेवर जाऊन बसते. ती किती बसली हे सांगतो क्वार्ट्‌झचा एक स्फटिक, म्हणजे आपल्या गारगोटीचाच उजळ भाऊ. कोटाच्या बाहीवरच्या गुंडीएवढी त्याची चकती. असे स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, हे झाक आणि प्येर क्यूरी या भावांनी १८८० साली दाखवले. उलट वीज दिली की ते थरथरतात. मनगटी घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आमचा साठ लाख वेळा! अंगावर धातू साचू लागला की मात्र तो भाराने मंदावतो. चौरस सेंटिमीटरवर ग्रॅमचे अवघे बारा अब्जांश बसले, तरी त्याचे एक कंपन कमी होते. या मंदावण्यावरून वजन काढण्याचे गणित ग्युंटर झाउअरब्राय या जर्मन शास्त्रज्ञाने १९५९ साली मांडले.

मात्र एक गोष्ट आहे. स्फटिकाला कळते ते फक्त वजन. धातू कोणता, हे त्याला आपण सांगायचे. सोन्याची घनता १९.३, अ‍ॅल्युमिनियमची २.७. त्या आकड्याने वजनाला भागले की जाडी निघते.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर एक विद्यार्थिनी आपल्या सहा काचा घेऊन आली. चार महिन्यांची मेहनत होती त्यांच्यावर. "काका, शंभर नॅनोमीटर अ‍ॅल्युमिनियम हवंय. रात्रीच्या गाडीनं सांगलीला जायचंय." मी यंत्र लावले. जाडीचा आकडा कासवाच्या गतीने चढत होता. मी वैतागून प्रवाह वाढवला.

संध्याकाळी तिने जाडी तपासली. शंभराच्या जागी सातशेच्या वर! ती रडवेली झाली. मी यंत्राकडे वळलो आणि चपापलो. आदल्या दिवशी सोन्याचे काम झाले होते, १९.३ हा आकडा तसाच होता. पण तोंडून निघाले, "पोरी, काचा तू धातूच्या फार जवळ मांडल्यास."

"असेल, काका," ती म्हणाली, आणि बॅग उचलून गेली.

नरकचतुर्दशीला पहाटे ही माझ्या अंगाला तेल लावत होती आणि मला सारखा तो आकडा दिसत होता. स्फटिक बिचारा खरे तेच बोलला होता. जेवढा भार पडला, तेवढा तो मंदावला. खोटे बोललो होतो मी. एकदा नकळत आणि एकदा समजून उमजून. तीस वर्षांच्या अनुभवाचे वजन मी त्या मुलीच्या पारड्यात टाकले होते!

पाडव्याला तिला फोन केला आणि सगळे सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता. ती आता रागावेल, असे मला वाटले.

"म्हणजे काका," ती हळूच म्हणाली, "काचा मी नीटच मांडल्या होत्या ना?"

"अगदी नीट," मी म्हणालो.

"चार दिवस मी तेच आठवतेय."

सुटीनंतर तिने नव्या काचा करायला घेतल्या. आता यंत्र सुरू करण्यापूर्वी मी मोठ्याने विचारतो, "धातू कोणता?" पोरे हसतात, पण उत्तर देतात. नोंदवहीत त्या दिवसाच्या पानावर 'काचा चुकीच्या जागी' असे मी लिहिले होते. ते खोडून खाली माझ्या सहीनिशी लिहिले आहे: 'घनता चुकीची. काचा बरोबर.'