विलायती पिस्तूल, टोपीचे, नग एक

बाबा गेल्यावर वारसनोंदीसाठी घरादाराची यादी झाली. जमीन, वाडा, पतपेढीतले शेअर, अगदी तांब्याचे हंडेसुद्धा लिहिले गेले. पिस्तूल मात्र कुणी लिहिलं नाही. देवघराशेजारच्या फडताळात ते जुन्या धोतराच्या फडक्यात असायचं. दसऱ्याला कोयता, विळी आणि बाबांचा टाइपरायटर यांच्या पंगतीला पाटावर बसायचं, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल घेऊन पुन्हा फडताळात जायचं. आमच्या लेखी ते पूजेचं साहित्य. वाडा विकायचा ठरला आणि दादा पुण्याहून म्हणाला, "तू तिथे आहेस, तूच बघ त्याचं काय ते."

ओळखीच्या वकीलबाईंकडे मी फक्त फोटो घेऊन गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "नंबर काय त्याचा?"

नंबर नव्हताच. चापाच्या वरच्या लोखंडी पट्टीवर कुणा इंग्रज कारागिराचं पुसट नाव, नळीच्या खालच्या अंगाला मुकुटाचे दोन छाप, बस. बाईंनी शस्त्र अधिनियम, 1959 काढला आणि कलम 8 माझ्यासमोर धरलं. नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह नसलेलं अग्निशस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल, त्यानेच ते खोडलं असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी ताबेदाराची. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या लोहाराने जे कोरलंच नाही, ते मी कानशीने घासलं नाही, हे मी दाखवायचं! याच कलमात जुन्या लोकांसाठी एक सवलत होती. कायदा 1 ऑक्टोबर 1962 ला लागू झाला, तेव्हा ज्यांच्याकडे अशी बिनखुणेची शस्त्रं होती त्यांच्याविरुद्ध हे गृहीतक पुढचं एक वर्ष लागू होणार नव्हतं. ते वर्ष माझ्या आजोबांच्या हयातीत आलं आणि गेलं. त्यांना त्याचा पत्ता असण्याचं काही कारण नव्हतं. शस्त्रांचा कायदा चोरदरोडेखोरांसाठी असतो, अशीच आमच्या घरातली समजूत.

"पण ताई, ते चालतंय कुठे? गंजलंय सगळं," असं मी म्हटल्यावर बाईंनी कलम 45 उघडलं. कालबाह्य बनावटीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा नादुरुस्त हत्यार कायद्यातून वगळलेलं आहे खरं, पण त्यापुढची अट अशी, की दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही ते अग्निशस्त्र म्हणून वापरता येऊ नये. मला वाटलं होतं की वय झालं की सुटका होते. कायदा वय विचारत नाही, बार निघेल का ते विचारतो. आणि ठासणीची हत्यारं या बाबतीत फार चिवट असतात. नळीच्या तोंडातून दारू आणि शिशाची गोळी गजाने ठासायची, मागच्या निपलवर तांब्याची टोपी चढवायची, घोडा आपटला की झालं. यात बिघडायला फारसं काही नाही. कोकणात शेतराखणीसाठी ठासणीच्या बंदुकांचे परवाने अजून आहेत, ते उगाच नव्हे.

मधल्या काळात घरच्या सल्लागारांना ऊत आला. चुलतभाऊ म्हणाला, नळीत वेल्डिंग मारून टाक. तसं केलं असतं तर नळीवरचे छापही गेले असते आणि मग कलम 8 खऱ्या अर्थाने अंगावर आलं असतं. टेक्सासमधल्या भाच्याचं म्हणणं, इकडे पाठव. तिकडे संघराज्याच्या कायद्याने 1898 किंवा त्याआधीचं शस्त्र पुराणवस्तू ठरतं, आणि सरसकट सगळ्या बंदुकांवर क्रमांक हवा हा नियमच तिथे 1968 चा. ते त्याचं खरं होतं. पण आपल्याकडे शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर नेणं 1972 च्या पुरावशेष कायद्याने सामान्य माणसाला बंद आहे. विकायचं म्हटलं तर पुन्हा कलम 8, खुणा नसलेलं हत्यार विकता येत नाही की कुणाच्या नावावर करता येत नाही. आणि बिनपरवाना अग्निशस्त्र बाळगण्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची कैद आहे, हे ऐकल्यावर माझ्या वहिनीने त्या फडताळातले डबेसुद्धा हलवले.

वकीलबाईंचं म्हणणं एवढंच होतं, की आधी आपण होऊन सांगायचं. कलम 21 प्रमाणे ताबा कायदेशीर उरला नाही तर हत्यार विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं असतं. हक्क शाबित झाला तर ते परत मिळू शकतं, ठरल्या मुदतीत नाही झाला तर सरकारजमा. फक्त पिशवीत घालून एसटीने न्यायचं नाही, कारण वाटेत कुणी पकडलं तर मी जमा करायला निघाले होते की आणखी कशाला, हे कोण ठरवणार? म्हणून मी लेखी अर्ज दिला, फोटो जोडले, आणि ठाण्यातून दोघं घरी आले. पंचनामा झाला. "मॅडम, ह्याला मॅगझिन कुठं असतं?" असं तरुण शिपायाने विचारलं, तेव्हा जुन्या हवालदारांनी त्याला टोपी कुठे बसते ते बोटाने दाखवलं. त्यांच्या वडिलांकडे अशीच ठासणीची होती म्हणे.

पुढचा सगळा मामला पुराव्याचा. नळीवरचे छाप बघून शस्त्रविक्रेत्याने सांगितलं, की हे बर्मिंगहॅमच्या तपासणीघराचे. ते तपासणीघर 1813 मध्ये कायद्याने स्थापन झालं. नळीत जादा दारू भरून बार काढायचा, फुटली नाही तर छाप मारायचा, अशी तिथली पद्धत. त्या काळात हाताने घडवलेल्या पिस्तुलांवर क्रमांक घालायची सक्ती नव्हती, बरेच कारागीर नुसतं नाव कोरत. बाईंनी तेवढंच उचललं. कलमात नाव, क्रमांक किंवा अन्य ओळखचिन्ह असं म्हटलंय, तर नाव आणि छाप आहेत, मग हे बिनखुणेचं कसं?

पण नंबर पूर्वी होता आणि नंतर खोडला, ही शंका त्याने मिटत नव्हती. ती मिटवली आमच्या माळ्यावरच्या दप्तराने. पणजोबा एका छोट्या संस्थानात कारकून होते. त्यांच्या हातची घरातल्या चीजवस्तूंची मोडीतली यादी निघाली, 1931 सालची. मोडीवाचकाकडून तिचं लिप्यंतर करून घेतलं. समया, परात, पोथ्या यांच्या मध्ये एक ओळ होती: विलायती पिस्तूल, टोपीचे, नग एक, नळीस दोन छाप, मूठ तडकलेली, तार बांधली आहे. ती तार अजून आहे. पणजोबांनी दोन छाप मोजले, मूठ कुठे तडकली ते लिहिलं. आकडा असता तर त्या माणसाने सोडला नसता. धोब्याला टाकलेल्या कपड्यांचीही नोंद ठेवणारा तो गृहस्थ.

न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेच्या अहवालाने कलम 45 ची वाट मात्र बंद केली: निपल तुटलेलं, नळी गंजलेली, दुरुस्तीने बार निघू शकेल. उरली ती 2020 च्या फेब्रुवारीतली अधिसूचना. तिच्याप्रमाणे दुर्मिळ संग्राह्य वस्तूंच्या वर्गात मोडणारं शस्त्र भारतीय नागरिकाने बाळगायला परवाना लागत नाही. वापरायला, अंगावर बाळगून फिरायला किंवा एका जागेवरून दुसरीकडे न्यायला मात्र लागतो. अहवाल, यादी आणि प्रतिज्ञापत्र एकत्र जोडून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे अर्ज केला. बऱ्याच खेपा झाल्या, एकदा फाइलच दुसऱ्या टेबलावर निघाली, पण शेवटी लेखी उत्तर आलं. पिस्तूल त्या वर्गात धरलं गेलं आणि माझ्या नावावर, माझ्या पत्त्यावर परत मिळालं.

दादाला वाटत होतं, आता आलटूनपालटून ठेवू, एका वर्षी दसरा तुझ्याकडे, एका वर्षी माझ्याकडे. मी त्याला अधिसूचनेतली 'नेण्या'ची अट वाचून दाखवली. तो म्हणाला, "म्हणजे मला माझ्याच पणजोबांच्या पिस्तुलाला फूल वाहायला तुझ्या घरी यायचं?" यायचं. नाहीतर परवान्याचा अर्ज करायचा, आणि तो त्याने केलाय.