उतरणीवरची माची

वजन घटवणाऱ्यांच्या बोलीत 'प्लॅटो' नावाचा एक शब्द आहे. मराठीत त्याचे सरळ भाषांतर 'पठार' असे होते. मला मात्र हा शब्द मराठी कानाला फसवणारा वाटतो. पठार म्हटले की घाट चढून माणूस वर आला आणि आता पुढे दूरवर सपाटीच, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. म्हणजे चढण संपली, मुक्काम आला. बॅरिआट्रिक शस्त्रक्रियेनंतर ज्या अवस्थेला हा शब्द लावतात ती मात्र उतरणीच्या अगदी आरंभी येते. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या दरम्यान. काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी ती सरतेही. तिच्यासाठी सह्याद्रीतलाच एक अधिक नेमका शब्द आपल्यापाशी आहे : माची. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून उतरलेला माणूस पद्मावती माचीवर येतो आणि काही वेळ सपाटीवरून चालतो. तेवढ्या वेळात त्याची उंची कमी होत नसते. पण तो गड उतरायचा थांबला, असे कोणी म्हणत नाही.

शब्दाचा एवढा कीस काढायचे कारण, त्या काळात वजनकाट्याइतकाच शब्दांनीही मला त्रास दिला. माझी शस्त्रक्रिया 'स्लीव्ह' प्रकारची. तीत जठराचा सुमारे पाऊण हिस्सा, किंवा त्याहून थोडा अधिक, काढून टाकतात आणि उरलेल्या भागाची अरुंद नळी होते. भूक चाळवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या वरच्या भागात तयार होते, तो भागही त्यातच जातो. शस्त्रक्रियेच्या दिवशी माझे वजन 118 किलो होते. पंधराव्या दिवशी काटा 109.4 वर आला. त्यानंतर एकोणीस दिवस वहीत उतरले ते असे : 109.4, 109.6, 109.2, पुन्हा 109.4. दिवसाकाठी जेमतेम सहाशे उष्मांक पोटात जात असताना हा आकडा हलत नव्हता.

घरी भेटायला आलेल्या एका मावशींनी विचारले, "अगं, एवढं पोट कापून घेतलंस, आणि तरी काही नाही?" त्यांच्या स्वरात कुचेष्टा नव्हती, काळजी होती. पण 'तरी' या अव्ययात आपली सगळी नीती दडलेली असते. आपल्या भाषेत खाणे आणि न खाणे कधीच निव्वळ शारीरिक नसते. उपवास 'घडतो', तो 'मोडतो', तो 'फळाला येतो'. जिभेवर ताबा नसणे हा दोष आणि अन्न वर्ज्य करणे हे पुण्य. साहजिकच स्थूल माणसाने केलेली शस्त्रक्रिया ही अनेकांना पळवाट वाटते. आणि काटा थांबला की त्या पळवाटेची शिक्षा. हा न्यायनिवाडा इतर करतात तेव्हा त्याला उत्तर देता येते. पहाटे अनवाणी काट्यावर उभे राहून आपण स्वतःच तो करतो तेव्हा मात्र बाजू मांडायला वकील नसतो.

दुसरी अडचण कथनाची होती. वजन घटल्याच्या ज्या कहाण्या आपल्या नजरेसमोर असतात त्या दोन छायाचित्रांत संपतात : 'आधी' आणि 'नंतर'. मधली जागा कोरी असते. वर्गात आरंभ, मध्य आणि अंत यांविषयी वर्षानुवर्षे बोलणाऱ्या माझ्यासारखीला हे आधीच जाणवायला हरकत नव्हती, की मध्य नसलेली ही एकमेव लोकप्रिय कथा असावी. ज्या कथेला मध्य नाही तिच्यात अडकलेल्या माणसाला आपण कुठे आहोत हेच सांगता येत नाही. मी 'आधी'ची उरले नव्हते आणि 'नंतर'ची झाले नव्हते. काटा हलत नव्हता म्हणजे, त्या कथेच्या नियमानुसार, काहीच घडत नव्हते.

प्रत्यक्षात पुष्कळ घडत होते. ते समजून घेणे हाच मला सापडलेला पहिला आधार. आपले शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा बाळगते, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. तो साधारण अर्धा किलो असतो. पण त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. आहार एकदम तुटला की हा साठा आधी खर्च होतो आणि पाणीही त्याच्यासोबत निघून जाते. पहिल्या पंधरवड्यात झपाट्याने गेलेल्या वजनात म्हणूनच पाण्याचा वाटा मोठा असतो. पुढे द्रवाहार संपून मऊ अन्न सुरू होते, शरीर चरबीवर चालायला सरावते, आणि रिकाम्या कोठाराचा काही भाग पुन्हा भरतो, पाण्यासकट. जखम भरून येत असतानाही शरीर द्रव धरून ठेवते. स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीचे चक्र त्यात आणखी भर घालते.

आता चरबीचा हिशेब पाहू. एक किलो चरबीत स्थूलमानाने 7700 उष्मांक धरतात. शरीराचा रोजचा खर्च 1700 आणि आहार 600 मानला, तर 1100 ची तूट, म्हणजे दिवसाला सुमारे 140 ग्रॅम चरबी. चौदा दिवसांत ती दोन किलोंच्या घरात जाते. त्याच चौदा दिवसांत दोन किलो पाणी परत आले, तर काट्यावर दिसणार शून्य. काटा खोटे बोलत नसतो. तो फक्त बेरीज सांगतो. बेरजेत कोणते आकडे आहेत, हे सांगणे त्याचे काम नाही.

या निमित्ताने सांक्तोरियो या इटालियन वैद्याची आठवण झाली. पादुआच्या या प्राध्यापकाने तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून सुमारे तीस वर्षे स्वतःचे, आपल्या अन्नपाण्याचे आणि उत्सर्जनाचे वजन केले, आणि 1614 मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. जेवढे पोटात जाते त्याचा मोठा हिस्सा डोळ्यांना न दिसणाऱ्या वाटेने बाहेर पडतो, हे त्याला तराजूने दाखवले. माझ्या बाबतीत नेमके उलटे होते. शरीरातून काही जात होते आणि तराजू ते दाखवत नव्हता. 1944-45 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 तरुण स्वयंसेवकांवर अर्धउपासमारीचा प्रयोग केला. त्यात शरीर झिजत असतानाच पायांवर पाण्याची सूज येत असल्याचे नोंदले गेले. माझा आहार देखरेखीखालचा होता, ती उपासमार होती. तेव्हा तुलना एवढ्यापुरतीच. पण झिजणाऱ्या शरीरात पाणी साठू शकते, हे वाचून मला त्या रात्री झोप लागली, हेही खरे.

दुसरा आधार आहारतज्ज्ञ बाईंचा. आणखी कमी खाऊन पाहू का, असे मी फोनवर विचारले. त्या म्हणाल्या, "मॅडम, कमी नाही करायचं. प्रथिनं साठ ग्रॅम होताहेत का, ते सांगा आधी." प्रथिने कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि स्नायू गेले की शरीराचा खर्चच उतरतो. त्यांनी आणखी तीन गोष्टी सांगितल्या : पाणी घोटाघोटाने, पण दिवसभरात दीड लिटरच्या वर, जीवनसत्त्वांच्या गोळ्या न चुकता, कारण बी-12 आणि लोह यांची कमतरता पुढे महाग पडते, आणि वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, त्याच वेळी. सतत उलटी झाली, पाणीही टिकेना, चक्कर आली, तर वाट न पाहता शल्यचिकित्सकाकडे जायचे, कारण ते माचीचे लक्षण नव्हे. शिंपी वापरतात तशी मापाची टेपही घ्यायला त्यांनी सांगितले. त्या एकोणीस दिवसांत कंबर चार सेंटिमीटरने कमी झाली होती. वहीत दुसरा रकाना आखला, आणि कथेला मध्य मिळाला.

विसाव्या दिवसापासून काटा हलू लागला, आणि तीन दिवसांत तो 107.3 वर आला. आनंद झाला, पण त्याला विजय म्हणावेसे वाटले नाही. एकोणीस दिवसांचे न हलणे जर माझे पाप नव्हते, तर तीन दिवसांचे हलणे हे माझे पुण्य कसे ठरावे? पाणी आले होते, पाणी गेले. पुढे आणखी दोनदा असाच मुक्काम पडला. वजन उतरते तसा शरीराचा रोजचा खर्चही उतरतो, म्हणून पुढचे मुक्काम लांबतात आणि त्यांची कारणेही वेगळी असतात. त्याविषयी पुन्हा कधी.

मागच्या आठवड्यात एका सहकारी प्राध्यापिकेच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. शस्त्रक्रिया होऊन बावीस दिवस झालेले. "ताई, माझं काहीतरी चुकतंय. नऊ दिवस झाले, काटा तिथेच आहे." मी तिला प्रथिने विचारली, पाणी विचारले, उलटी होते का विचारले. मग विचारले, हातातल्या बांगड्या कशा आहेत? ती थोडा वेळ गप्प राहिली. काचेचा बारीक आवाज फोनमधून ऐकू आला. "सैल आहेत," ती म्हणाली, "मनगटावरून खाली येताहेत."