संदर्भसूचीचा ठावठिकाणा

एकाच ग्रंथावर तिघांनीं लिहावयाचें ठरविलें म्हणजे मतभेद व्हावयाचेच, असें आम्ही धरून चाललों होतों. आमचा पुतण्या पालघरास राहतो; त्याचा एक मित्र बोईसरचा व दुसरा तारापूर गांवचा. आपल्या किनाऱ्याविषयीं एक पुस्तक लिहावें असा या तिघांचा संकल्प. पुतण्यानें किल्ले घेतले, तारापूरकरानें मिठागरें, व बोईसरकरानें १९६९ सालीं सुरू झालेलें अणुवीजकेंद्र. मतभेद फारसे झाले नाहींत. पण ग्रंथ एकत्र जुळविला तेव्हां जेथें जेथें आधारग्रंथाचा उल्लेख यावयाचा, तेथें तेथें कंसांत एक ठळक प्रश्नचिन्ह उमटलें.

ही मंडळी लाटेक पद्धतीनें लिहितात. डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत ही रचना उभारली. १९८५ सालीं ओरेन पटाश्निक यांनीं संदर्भांसाठीं तिला बिबटेकची जोड दिली. प्रत्येक प्रकरण स्वतंत्र फाइलींत राहतें, व एक मुख्य फाइल त्यांना ओळीनें बोलावते. आधारग्रंथांची सूची 'बिब' नांवाच्या निराळ्या फाइलींत असते.

“काका, सूची तर जागच्या जागीं आहे, मग सांपडत नाहीं म्हणतें तें कां?” पुतण्यानें विचारलें.

वाचकांस ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु जानेवारी १७३९ मध्यें तारापूरच्या किल्ल्यावरील हल्ल्यांत बाजी भिवराव पडले, या वाक्यापुढेंच प्रश्नचिन्ह उभें असेल, तर वाचकानें त्यावर विश्वास कां ठेवावा? राजवाड्यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर निरनिराळ्या काळच्या सहा प्रकरणांची बनलेली आहे. कोणतें प्रकरण केव्हांचें हें जाणल्यावांचून तिचाहि आधार नीट घेतां येत नाहीं. इतिहासांत विधानाची किंमत त्याच्या आधाराइतकीच.

तिघांपैकीं एकानें तोड सुचविली कीं, प्रश्नचिन्हांच्या जागीं आंकडे हातानेंच घालावे. ती आम्हांस मुळींच रुचली नाहीं. सूचींत पुढें एक ग्रंथ वाढला कीं सारे आंकडे सरकतात, व मिठागरांच्या विधानाला किल्ल्यांचा ग्रंथ साक्षीदार म्हणून उभा राहतो. प्रश्नचिन्ह निदान खोटें तरी बोलत नाहीं.

मग आम्ही शोधास लागलों. बिबटेक प्रकरणें वाचीतच नाहीं. लाटेक एकदां चालवली कीं ती 'ऑक्स' नांवाची सहाय्यक फाइल करते, व बिबटेक तेवढीच पाहतें. कोणते ग्रंथ उल्लेखिले हें तिला प्रत्येक प्रकरणाकडून कळतें. सूची कोठें आहे हें मात्र मुख्य फाइलीकडूनच. बोईसरकर आपल्या एका प्रकरणाच्याच ऑक्स फाइलीवर बिबटेक चालवीत होता. तींत सूचीचा पत्ताच नव्हता. त्याला मुख्य फाइल दाखविली, व त्याच्या संपादकालाहि ती कळावी म्हणून प्रकरणाच्या माथ्यावर तिचा निर्देश करणारी ओळ घातली.

तारापूरकराचा दोष निराळा. आपलें प्रकरण एकटेंहि जुळवितां यावें म्हणून त्यानें सूचीचा मार्ग स्वतःच्या फोल्डरापासून मोजून लिहिला होता. संपूर्ण ग्रंथ जुळवितांना यंत्र मुख्य फोल्डरांत उभें असतें; तेथून तोच मार्ग भलतीकडे जातो. 'सबफाइल्स' या जोडणींतील 'सबफिक्स' आज्ञेनें तें निस्तरलें.

पुतण्याचा दोष तर डोळ्यांदेखत लपला होता. सूचीच्या नांवाचें पहिलें रोमन अक्षर फाइलीवर मोठें व मुख्य फाइलींत लहान होतें. मित्रांच्या विंडोजवर हा भेद चालून जाई. याच्या लिनक्सवर तीं दोन निराळीं नांवें ठरत. लक्षण एकच, पण रोग तीन. प्रत्येकाचें कारण बिबटेकनें आपल्या 'बीएलजी' नोंदवहींत लिहून ठेवलें होतें. ती वही कोणीं उघडलीच नव्हती.

दुरुस्तीनंतर लाटेक, बिबटेक व पुन्हां दोनदां लाटेक असा क्रम लावला. १८८२ चें ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर, राजवाड्यांची बखर, सारे आपापल्या आंकड्यांवर येऊन बसले. मिठागरांच्या प्रकरणांत तेवढें एक प्रश्नचिन्ह उरलें. नोंदवही म्हणाली कीं, सूची सांपडली, पण तींत या नांवाची नोंद नाहीं. तिघांनीं एकमेकांस विचारलें. तो ग्रंथ कोणींच पाहिला नव्हता, कोणाच्या तरी तोंडून ऐकलेली ती गोष्ट होती. वाक्य मोठें सुबक होतें, आणि तें गाळावयास तारापूरकराचा हात धजेना. आम्ही त्याला इतकेंच सांगितलें, “ग्रंथ पाहावयास मिळेल तेव्हां खुशाल घाल.” त्यानें तें वाक्य एका निराळ्या फाइलींत काढून ठेवलें, व पुस्तक त्यावांचून पुढें गेलें.